पानांचे ठसे टाकाऊ कापडावरच उमटावेत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाने, फुले आणि साली यांचे ठसे थेट कापडावर उमटवून त्यातून भिंतीवरचे पट, ओढण्या, दुलया आणि पिशव्या तयार करण्याची कला गेल्या काही वर्षांत सांगली, मिरज, कराड आणि सातारा परिसरात रुजू लागली आहे. शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली आणि निवृत्तीनंतर मी हेच काम करते, त्यामुळे या कलेकडे तरुण मुले-मुली वळत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. तथापि ती ज्या रीतीने पसरते आहे, त्याबद्दल एक गोष्ट जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते. पुष्कळ ठिकाणी या कामासाठी परगावाहून नवेकोरे पांढरे रेशीम मागवले जाते, झाडांच्या हिरव्या डहाळ्या तोडून आणल्या जातात आणि तयार वस्तूवर 'नैसर्गिक' एवढाच शब्द लिहून ती विकायला ठेवली जाते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जे कापड, ज्या साली आणि जी पाने रोज उकिरड्यावर जातात, त्यांच्यावरच ही कला उभी राहिली पाहिजे आणि ती तशी उत्तम रीतीने उभी राहू शकते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत थोडक्यात सांगते. कापड प्रथम धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातील खळ आणि तेलकटपणा काढून टाकतात. सुती कापड असेल तर ते हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात आणि त्यानंतर तुरटीच्या पाण्यात ठेवतात. लोकर आणि रेशीम हे प्राणिज धागे असल्यामुळे ते रंग सहज धरतात, पण कापसाच्या धाग्याला आधी हिरड्यासारखा तुरट द्रव्याचा हात द्यावा लागतो, मगच तुरटी त्याला घट्ट बिलगते. मग ओलसर कापड पसरून त्यावर पाने मांडायची, काही पाने हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, अगदी पातळ पाण्यात बुडवून घ्यायची, कापड दुमडायचे, लाकडी दांड्यावर किंवा नळीवर घट्ट गुंडाळायचे, सुतळीने करकचून बांधायचे आणि झाकणाच्या भांड्यात दीड-दोन तास वाफवायचे. वाफेच्या उष्णतेने पानातील तुरट आणि पिवळी द्रव्ये पाझरून धाग्यात शिरतात, तेथे असलेल्या तुरटीशी किंवा लोहाशी त्यांचा संयोग होतो आणि पानाची कड, शीर, कधी किडीने पाडलेले भोकसुद्धा जसेच्या तसे कापडावर राहते. तुरटीबरोबर पिवळ्या-तांबूस छटा येतात आणि लोहाबरोबर राखाडी, जांभळट काळ्या. गुंडाळी पूर्ण थंड होईपर्यंत सोडायची नाही, एवढा धीर नवशिक्याला धरावा लागतो.

या रीतीत परके असे फार थोडे आहे. निलगिरीच्या पानांचा नारिंगी ठसा मुळात ऑस्ट्रेलियातला म्हणून प्रसिद्ध आहे हे खरे, पण हिरडा, तुरटी आणि लोखंड ही तीन साधने भारतातील छपाईवाले आणि रंगारी शतकानुशतके वापरत आले आहेत. कलमकारी आणि अजरख या दोन्ही परंपरांत कापडाला आधी हिरड्याचा हात देतात आणि काळ्या रंगासाठी गंजलेले लोखंड व गूळ पाण्यात अनेक दिवस आंबवून त्याचे पाणी वापरतात. गुळासाठी तर आपला भाग महाराष्ट्रभर ओळखला जातो आणि लोहारकामाच्या कोणत्याही दुकानाबाहेर गंजलेले खिळे, पट्ट्या आणि नाल पडलेले असतात. हिरड्याची झाडे महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या डोंगरांत आहेत, तेथील वाड्या-वस्त्यांवरील माणसे तो गोळा करून विकत आली आहेत आणि काष्ठौषधींच्या दुकानात तो सहज मिळतो. म्हणजे या कामासाठी विकत घ्यावा लागणारा हिरडासुद्धा आपल्याच सह्याद्रीतून येतो आणि त्याचा पैसा डोंगरातल्या घरात जाऊ शकतो.

आता कापडाविषयी. या बाबतीत माझे मत ठाम आहे. जुने, वापरून मऊ झालेले सुती कापड हे या कामासाठी नव्यापेक्षा सरस ठरते. वर्षानुवर्षे धुतल्यामुळे त्यातील खळ आणि मेण केव्हाच निघून गेलेले असते, धागा सैल झालेला असतो आणि पाणी त्यात लगेच शिरते. नव्या मांजरपाटावर जी तयारी करायला दोनदा उकळावे लागते, ती आजीच्या फिकट लुगड्यावर काळाने आधीच करून ठेवलेली असते. धोतरे, पंचे, जुन्या चादरी, नऊवारी लुगडी हे सारे घराघरांतील गाठोड्यांत पडून आहे आणि वाकळ शिवणाऱ्या हातांची संख्या घटल्यामुळे ते आता भांडेवालीकडे किंवा थेट कचऱ्यात जाते. अडचण एवढीच की गेल्या काही दशकांतील बहुतेक साड्या पॉलिएस्टरच्या आहेत आणि पॉलिएस्टरवर तुरटी-हिरड्याच्या रीतीने पानाचा टिकाऊ ठसा येत नाही. ओळखण्याची सोपी खूण अशी की काठाजवळचा एक धागा काढून सांडशीत धरून जाळावा. सुताचा धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी बनतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. ही परीक्षा सहावीच्या मुलांनाही मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकवता येते आणि एकदा शिकली की कपडे विकत घेतानाही ती आयुष्यभर उपयोगी पडते.

शिंप्यांच्या दुकानांतून रोज पोतेभर चिंध्या निघतात. विटा आणि माधवनगर परिसरातील यंत्रमागांवर सुटे धागे आणि खराब झालेले तुकडे उरतात. त्यांतील सुती भाग वेगळा काढला तर जोडकामासाठी लागणारे पट्टे, गाठी आणि किनार यांसाठी एक पैही खर्च होत नाही. शिवाय माण, आटपाडी आणि जत या दुष्काळी पट्ट्यातील मेंढपाळांची लोकर आहे, जिला आज जवळजवळ गिऱ्हाईकच उरलेले नाही. सनगर समाजातील विणकर चिंचोक्याची खळ देऊन जी घोंगडी विणत, तिची मागणी स्वस्त कारखानी ब्लँकेटांनी खाऊन टाकली. दख्खनी मेंढीची लोकर बहुतांशी काळी असल्यामुळे तिच्यावर पानाचा ठसा दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ठसे उमटवलेल्या फिकट लुगड्याला फाटक्या घोंगडीचे अस्तर लावून शिवलेला पट इतका भारदस्त दिसतो की त्यापुढे परगावचे रेशीम मला तरी पोरकट वाटते. आणि कळपात जी थोडी पांढरी लोकर निघते, ती साधी कातून विणली तर पानांचे सर्वांत खोल रंग तिच्यावरच येतात.

रंगद्रव्यांच्या बाबतीत तर आपले जिल्हे श्रीमंत आहेत. आटपाडी आणि जत तालुक्यांतील डाळिंबे देशभर जातात. त्यांची साल, आणि विशेषतः तेल्या रोगाने डागाळून फेकून दिलेल्या फळांची साल, हे तुरट द्रव्याचे भांडार आहे. ती वाळवून उकळली तर तुरटीबरोबर पिवळा आणि लोहाबरोबर हिरवट काळा रंग देते, आणि हिरड्याच्या जागीही काही प्रमाणात चालते. मार्केट यार्डात कांद्याच्या वखारीखाली साचणारी टरफले केशरी-पिवळा रंग देतात. त्यांचे तुकडे पानांमध्ये विखुरले की कापडावर जणू ऊन सांडल्यासारखे दिसते. सागाचे कोवळे पान तळहातावर चुरले की हात लाल होतो हे खेड्यातील प्रत्येक मुलाला माहीत असते आणि त्याच द्रव्यामुळे सागाचा ठसा तांबूस-जांभळा येतो. बांधावरच्या सागाची खालची फुटवे शेतकरी दरवर्षी छाटतात, ती पाने मागून घेता येतात. एरंड, पेरू आणि गुलाब यांची पाने लोहाबरोबर अतिशय रेखीव उमटतात. गुलाबाची छाटणी झाली की माळी ती पाने जाळतात किंवा खड्ड्यात टाकतात. फलटण भागात करडईचे पीक आहे आणि तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचा वाण तयार केल्यामुळे पाकळ्या हाताने खुडणे सोपे झाले आहे. त्या पाकळ्यांतून पाण्यात पिवळा आणि सोड्याच्या पाण्यात तांबडा रंग सुटतो.

द्राक्षाच्या पानाविषयी मात्र सावधगिरीने लिहायला हवे. तासगाव आणि मिरज पूर्व भागात एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत पानांचे ढीग निघतात, त्यांचा आकारही सुंदर असतो, म्हणून अनेकांना ती वापरावीशी वाटतात. परंतु या बागांवर बोर्डो मिश्रणासह अनेक औषधांच्या फवारण्या होतात. बोर्डो मिश्रणातील मोरचूद पानावर राहिला तर रंग हिरवट तपकिरीकडे झुकतो, हा कलेचा भाग झाला, पण औषधाचा अंश हाताला आणि वाफेला लागतो, हा आरोग्याचा भाग आहे. ज्या बागायतदाराला शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली हे सांगता येते, त्याच्याकडचीच पाने घ्यावीत, ती भरपूर पाण्यात धुवावीत आणि मुलांच्या हाती तर देऊच नयेत.

हळदीबद्दलही खरे सांगितले पाहिजे, जरी सांगलीकर म्हणून ते सांगताना जिवावर येते. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून हळदीने रंगवलेले रुमाल 'सांगलीची खूण' म्हणून विकावेत अशी कल्पना अधूनमधून पुढे येते. हळदीचा रंग कापडावर झटकन आणि झगझगीत चढतो, पण उन्हात तो तितक्याच वेगाने उडतो आणि सोड्याचा साबण लागला की लाल पडतो. बीट, जास्वंद आणि जांभळा कोबी यांचीही तीच गत आहे. हातोडीने फुले ठोकून काढलेले हिरवे ठसे शाळेच्या तासाला रंजक असतात, परंतु कापडाला आधी तुरटीचा हात दिलेला नसेल तर तो हिरवा काही आठवड्यांत तपकिरी होऊन पुसट होतो. मुलांनी हे सगळे जरूर करून पाहावे. पण गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन असे कापड देणे योग्य नाही, कारण एका धुण्यात फसलेले गिऱ्हाईक पुन्हा कोणत्याच नैसर्गिक रंगावर विश्वास ठेवत नाही आणि त्याची झळ प्रामाणिकपणे काम करणाऱ्यालाही बसते.

'नैसर्गिक' म्हणजे आपोआप निरुपद्रवी, हा समजही दूर व्हायला हवा. 1856 मध्ये विल्यम पर्किन यांना पहिला कृत्रिम रंग सापडला आणि पुढच्या काही दशकांत मंजिष्ठा, आल, नीळ या रंग देणाऱ्या वनस्पतींची शेती मोडत गेली. पुढे त्याच कृत्रिम रंगांपैकी काही अझो रंग घातक ठरले म्हणून भारत सरकारने 1997 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. या इतिहासामुळे वनस्पतिजन्य रंगांकडे लोकांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. परंतु झाडाचा रंगसुद्धा क्रोमच्या किंवा कथिलाच्या क्षारांनी पक्का केला तर उरलेले पाणी विषारीच असते. काही छापील सूचनांत अजूनही हे क्षार सुचवलेले आढळतात, ते कोणीही घरी वापरू नयेत. तुरटी आणि हिराकस पुरेसे आहेत आणि तेही मोजूनच घ्यावेत. 100 ग्रॅम कोरड्या कापडाला साधारण 15 ग्रॅम तुरटी आणि फार तर 2 ग्रॅम हिराकस पुरतो. हिराकस जास्त झाला तर धागा कुजल्यासारखा ठिसूळ होतो आणि आधीच विरलेले लुगडे तर घडीवर फाटते. तुरटीचे पाणी फेकू नये, पुढच्या कापडासाठी त्यातच थोडी भर घालून ते पुन्हा वापरता येते. रंगकामाची भांडी स्वयंपाकात परत आणू नयेत, एवढे तरी प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या पाच मिनिटांत सांगितले गेले पाहिजे.

दुसरी चिंता जंगलाची. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यात कासच्या पठाराचा समावेश आहे. चांदोली आणि कोयनेचे जंगल मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. अशा ठिकाणाहून 'दुर्मिळ पानांचे ठसे' आणल्याचे कोणी अभिमानाने सांगितले की मला वाईट वाटते. संरक्षित क्षेत्रातून पाने-फुले तोडणे हा कायद्याने गुन्हा आहेच, पण कलेच्या दृष्टीनेही त्याची काही गरज नाही. कासच्या नाजूक फुलांत ठसा देणारे तुरट द्रव्य मुळात फार थोडे असते, ती वाफेत केवळ विरघळून जातात. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्याकडेला गळून पडलेली सिल्व्हर ओकची कंगोरेदार पाने त्यांच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट उमटतात आणि ती उचलल्याने कोणाचेही काही जात नाही.

खरेदी करणाऱ्यांसाठीही दोन शब्द लिहिते, कारण यंत्रावर छापलेल्या पानांच्या नक्षीचे कापड 'हाताचे ठसे' म्हणून विकले जाताना मी पाहिले आहे. खऱ्या ठशाचे कापड दुमडून गुंडाळलेले असते, त्यामुळे एका बाजूचे पान दुसऱ्या बाजूला उलटे, आरशातल्यासारखे दिसते. ठसा कापडाच्या मागच्या अंगालाही थोडाफार उतरतो. सुतळीच्या आवळणीच्या रेषा कोठे तरी राहतात. यंत्राच्या छपाईत तेच पान, तीच घडी, ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येते. विक्रेत्यानेही प्रत्येक वस्तूबरोबर चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर कापड कोणते, ते नवे की जुने, ठसे कशाचे, रंग कशाने पक्का केला आणि धुवायचे कसे, हे मराठीत लिहावे. रिठ्याच्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा, एवढी सूचना पाळली तरी हिरडा-लोहाचा ठसा वर्षानुवर्षे टिकतो.

त्या चिठ्ठीवर आणखी एक नाव असावे, असा माझा आग्रह आहे. ठसे उमटवणारी व्यक्ती कलाकार म्हणून मिरवते, पण तुकडे जोडून त्यांवर बारीक धावदोरा घालणारी बाई बहुधा शेजारच्या खेड्यातील असते आणि तिला वाकळीमागे ठरलेली जुजबी मजुरी मिळते. पटाचे निम्म्याहून अधिक काम, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक सौंदर्य, तिच्या टाक्यात असते. शिरा रेखलेल्या सागाच्या पानाभोवती आडवा-उभा दोरा कसा वळवायचा, कोठे सैल सोडायचा आणि कोपऱ्यात काय भरायचे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. तिने आपल्या सासू-आजीच्या हाताकडे पाहून ते उचललेले असते. विकलेल्या किमतीतील तिचा वाटा आधी ठरवावा आणि तिचे नाव, तिची हरकत नसेल तर, कलाकाराच्या नावाशेजारी छापावे.

या साऱ्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले आणि 2022 मध्ये तो मान पाचगणीला मिळाला. ज्या नगरपालिकांनी ओला-सुका कचरा इतक्या शिस्तीने वेगळा केला, त्यांना जुन्या कापडाची एक पिशवी महिन्यातून एकदा वेगळी उचलणे कठीण नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हा मंत्र याच मातीत रुजवला. त्या योजनेतील विद्यार्थ्यांना हे काम शिकवले तर शिक्षणाचा खर्च भागवणारे एक कसब त्यांच्या हाती येईल. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांच्या संकल्पचित्राची तयारी करणाऱ्या मुलांना पानांच्या मांडणीतून तोल, लय आणि मोकळ्या जागेचे महत्त्व जितके लवकर कळते, तितके ते फळ्यावरच्या आकृत्यांतून कळत नाही, हा माझा वर्गातील अनुभव आहे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयाची उभारणी स्वतः चित्रकार असलेल्या राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी केली. त्या परिसरात वर्षातून एकदा वाकळ, घोंगडी आणि पानांचे पट यांचे प्रदर्शन भरले तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते पाहायला इकडे यावे लागेल, आणि शिवणारी बाई स्वतः आपल्या कामाशेजारी उभी राहू शकेल.

तूर्त एका छोट्या गोष्टीसाठी आपल्या दैनिकाने पुढाकार घ्यावा, अशी विनंती आहे. गणेशोत्सवात कृष्णाकाठच्या घाटांवर ठेवल्या जाणाऱ्या निर्माल्य कुंडांत झेंडू, दूर्वा, प्लास्टिकचे हार आणि थर्माकोल असे सारे एकत्र पडते. झेंडूसाठी वेगळे, झाकणाचे पिंप ठेवावे आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारांवरची उतरवलेली तोरणेही त्याच पद्धतीने प्रभागवार गोळा करावीत, यासाठी सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे आपण पाठपुरावा करावा. झेंडू सावलीत पसरून वाळवला तर तो अनेक महिने टिकतो आणि तुरटीबरोबर त्याचा पिवळा रंग हळदीपेक्षा कितीतरी अधिक काळ राहतो. वाळवण्यासाठी लागणारी शेड आणि फुले निवडणारे हात उपलब्ध करून देण्याची आम्हा काही निवृत्त शिक्षिकांची आणि बचत गटातील मैत्रिणींची तयारी आहे. गोळा झालेली फुले मागेल त्या शाळेला विनामूल्य दिली जातील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका,
विश्रामबाग, सांगली